माय-लेकरू : पोटातल्या बाळाच्या डोक्यात रक्त साकळते तेव्हा



या सदरात रक्तक्षय, बाळंतिणीचा आहार, लसी हे विषय वारंवार येतात आणि ते यायलाच हवेत. आजचा विषय मात्र आपल्या वस्तीत कुणी मोठ्याने बोलत नाही, कारण तो फार थोड्या घरांत येतो. ढोबळमानाने दहा हजार गर्भवतींमागे एखादीच्या वाट्याला तो येतो. पण ज्या घरात येतो, त्या घरात अज्ञान आणि भीती यांचे असे काहूर माजते की त्यात सगळ्यांत आधी भरडली जाते ती सून. पोटातल्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होणे आणि तो सोनोग्राफीत दिसणे, असा हा विषय आहे.

ज्या मुलीमुळे मी हे लिहीत आहे तिने परवानगी दिली आहे. नाव लिहू नका एवढीच तिची अट आहे.

२०२४ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. रविवारी सकाळी विहारातली वंदना आटोपून मी घरी येऊन बसले होते, तोच सासू-सून दारात. सून तेवीस वर्षांची, सात महिने भरलेले. नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर. आठ दिवसांपासून बाळ कमी फिरते म्हणून आशाताईने तिला हट्टाने सोनोग्राफीला पाठवले होते आणि तिथून एक कागद हातात मिळाला होता. नोकरीची वर्षे प्रसूती विभागात काढली असल्याने असे कागद माझ्याकडे येत असतात. मी कागद उघडायच्या आतच मावशी बोलल्या, "सिस्टर, पोरीला गिऱ्हाण लागलंय बघा. मी सांगून ठेवलं होतं, कोपरा सोडू नको. हिनं कांदा चिरला."

कांद्याची हकीकत अशी. २८ ऑक्टोबर २०२३ ला अश्विन पौर्णिमा होती. वर्षावास समाप्तीचा दिवस. तीन महिने विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन झाले, त्या दिवशी समारोप झाला, खीरदान झाले. त्याच रात्री एकच्या सुमारास खंडग्रास चंद्रग्रहण लागले. दुसऱ्या पाळीहून उशिरा आलेल्या नवऱ्याला भूक लागली, तेव्हा चौथा महिना चालू असलेल्या या मुलीने उठून भाकरीबरोबर कांदा चिरून दिला. भिंतीवर बावीस प्रतिज्ञा चौकटीत लावलेल्या आणि खाली सून ग्रहणात कोपऱ्यात बसवलेली. मावशींना मी दोष देत नाही. त्यांना त्यांच्या सासूने असेच बसवले होते. पण हे आपल्या घरांत अजून चालते, हे लिहायला मला लाज वाटते.

मी त्यांना एवढेच विचारले की पाचव्या महिन्याची सोनोग्राफी कधी केली? सुनेने पिशवीतून जुना कागद काढला. नोव्हेंबरच्या अखेरीचा. त्यात बाळाचा मेंदू स्वच्छ, पाण्याच्या पोकळ्या योग्य मापाच्या, काही बिघाड नाही असे लिहिलेले होते. म्हणजे ग्रहण होऊन महिना गेल्यावरही बाळाच्या डोक्यात काही नव्हते. मावशी गप्प झाल्या. पटले असे नाही, पण गप्प झाल्या.

आता नव्या कागदात काय होते ते पाहू. बाळाच्या मेंदूत मधोमध दोन बाजूंना दोन पोकळ्या असतात. त्यांत पाण्यासारखा द्रव खेळता असतो. सोनोग्राफीत पाणी काळे दिसते, म्हणून या पोकळ्या काळ्या दिसतात. त्यांची रुंदी मागच्या बाजूला एका ठराविक जागी मोजतात. ती १० मिलिमीटरच्या आत असेल तर ठीक. १० ते १५ असेल तर लक्ष ठेवायचे. १५ च्या पुढे गेली तर गंभीर. या मुलीच्या बाळाची उजवी पोकळी ८ आणि डावी १४ होती. शिवाय डाव्या पोकळीत एक पांढरा गोळा दिसतो आणि पोकळीच्या कडाही पांढऱ्या दिसतात, असे लिहिले होते.

तो पांढरा गोळा म्हणजे साकळलेले रक्त. ताजे साकळलेले रक्त सोनोग्राफीत पांढरे चकचकीत दिसते. आठवडे जातात तसा गोळा आतून करडा होतो, मग मधोमध काळा पडतो, आक्रसतो. त्यामुळे जाणकार डॉक्टर चित्र पाहून रक्त ताजे की जुने याचा अंदाज बांधू शकतात. मात्र फसगतही होते. त्या पोकळीत द्रव तयार करणारा एक झुबकेदार भाग निसर्गतःच असतो आणि तोही पांढराच दिसतो. तो जरा फुगीर असला की रक्ताचा भास होतो. मग रंगीत डॉपलर लावून पाहतात. झुबक्यात रक्त वाहताना रंग दिसतो, साकळलेल्या गोळ्यात काहीच वाहत नसते. म्हणून एका कागदावर हाय खाऊ नये, दुसऱ्या अनुभवी डॉक्टरकडून खात्री करून घ्यावी.

हे रक्त येते कुठून? गर्भावस्थेत मेंदूच्या पेशी ज्या जागी जन्म घेतात, ती जागा या पोकळ्यांच्या कडेला असते. तिथे रक्तवाहिन्या दाट, पण भिंती कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ. (कांद्याची उपमा मी मुद्दाम देत आहे.) साधारण ३४ ते ३६ आठवड्यांपर्यंत ती जागा हळूहळू नाहीशी होते. त्याआधी रक्ताचा दाब वरखाली झाला किंवा रक्त गोठण्याची शक्ती कमी पडली की तिथली वाहिनी फुटते. कमी दिवसांच्या बाळांना जन्मल्यावर पहिल्या तीन दिवसांत डोक्यात रक्तस्राव होतो तो बहुधा याच जागी. म्हणून अशा बाळांच्या टाळूवर यंत्र ठेवून डोक्याची सोनोग्राफी करतात. टाळू म्हणजे निसर्गाने ठेवलेली खिडकीच.

रक्त किती पसरले यावरून चार पायऱ्या मानतात. त्याच नाजूक जागी थांबले तर पहिली. पोकळीत उतरले पण पोकळी रुंदावली नाही तर दुसरी. पोकळी रुंदावली तर तिसरी. मेंदूच्या गाभ्यातच रक्त गेले तर चौथी. पहिल्या दोन पायऱ्यांतली बहुतेक बाळे चांगली वाढतात. तिसऱ्या-चौथ्या पायरीत डोक्यात पाणी साठणे, आकडी येणे, हातपाय ताठ राहणे हे धोके वाढतात. वाढतात म्हणजे होतातच असे नव्हे. डॉक्टरांनी "सांगता येत नाही" असे म्हटले तर त्यांना काही येत नाही असे समजू नका. पुष्कळदा तेच खरे उत्तर असते.

जाता जाता सोनोग्राफीच्या यंत्राविषयी एक गोष्ट सांगते, कारण ती गिरणीच्या गावाला आवडेल. हे यंत्र मुळात दवाखान्यातले नव्हे, कारखान्यातले. लोखंडाच्या आत बाहेरून न दिसणारी चीर आहे का, हे आवाजाच्या सूक्ष्म लहरी सोडून शोधण्याची यंत्रे कारखान्यांत होती. स्कॉटलंडमधील ग्लासगोचे डॉक्टर इयान डोनाल्ड १९५५ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीत घालून जवळच्या रेनफ्रू गावी बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यात गेले आणि तिथल्या यंत्रावर त्या तपासून पाहिल्या. टॉम ब्राउन नावाच्या तरुण इंजिनिअरने पुढे यंत्र सुधारले. १९५८ साली पोटातल्या बाळाच्या डोक्याचे चित्र 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात छापून आले. आपल्याकडे या यंत्राचा उपयोग मुलींचे गर्भ वेचून मारण्यासाठी झाला. तो रोखण्यासाठी महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी, १९८८ मध्ये, कायदा केला आणि १९९४ मध्ये देशाचा कायदा आला. तेव्हा सोनोग्राफीला गेल्यावर मुलगा की मुलगी हे विचारू नका. बाळाचे डोके कसे आहे, पाणी किती आहे, वार कुठे आहे हे विचारा. ते विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

असो. त्या मुलीला डॉक्टरांनी एमआरआय करायला सांगितले होते आणि घरात त्याचीच जास्त धास्ती होती. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, मोठे चुंबक असते. बाळाला त्याने इजा होते असे आजवर दिसलेले नाही. रंगाचे इंजेक्शन मात्र गर्भवतीला सहसा देत नाहीत. गळ्यातले, जोडवी, केसांतल्या पिना सगळे काढून ठेवावे लागते आणि पत्र्यावर हातोडी मारावी तसा आवाज अर्धा-पाऊण तास ऐकत कुशीवर पडून राहावे लागते. त्याचा फायदा असा की सोनोग्राफीला कवटीच्या हाडाचा अडथळा होतो, एमआरआयला होत नाही. काही खास चित्रांत जुन्या रक्ताचा डागसुद्धा काळा उमटतो आणि पोकळीबाहेर मेंदूच्या गाभ्याला किती धक्का बसला ते कळते. १९९० च्या दशकात झटपट चित्रे घेणारी तंत्रे आली तेव्हापासून हे शक्य झाले. त्याआधी बाळ हलले की चित्र पुसट व्हायचे.

पण खरा प्रश्न चित्रात नव्हताच. चित्राने काय झाले ते सांगितले. का झाले ते चित्र सांगत नाही. ते विचारावे लागते आणि विचारताना घरातले माणूस शेजारी बसलेले असेल तर खरे उत्तर मिळत नाही.

मी मावशींना माझ्या सुनेबरोबर आत चहाला पाठवले. मुलीला विचारले, पडली होतीस का? नाही. नवऱ्याने मारले का? नाही, खरेच नाही. काही गोळ्या चालू आहेत का? तिने मान खाली घातली. मग पदर बाजूला करून छातीच्या मधोमध असलेला उभा व्रण दाखवला.

तिला दहाव्या-अकराव्या वर्षी सांधेताप झाला होता. एकोणिसाव्या वर्षी हृदयाची झडप बदलली. सरकारी योजनेतून शस्त्रक्रिया झाली. धातूची झडप बसवली की तिच्यावर रक्त साकळू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. लग्न ठरताना माहेरच्यांनी हे सासू-सासऱ्यांना सांगितले नाही. नवऱ्याला माहीत होते. त्याने, बिचाऱ्याने, तिला सांभाळून घेतले. पण प्रत्येक तपासणीला सासू शेजारी असायची, म्हणून "पूर्वी काही आजार? शस्त्रक्रिया?" या प्रश्नाला ती दर वेळी "नाही" म्हणत आली. गोळी ती रोज रात्री न चुकता, लपून घेत होती. तिच्या दृष्टीने ती योग्यच करत होती.

ही गोळी म्हणजे वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमॅरॉल या जातीची औषधे. ती 'के' जीवनसत्त्वाचे काम अडवतात. त्या जीवनसत्त्वाशिवाय रक्त नीट गोठत नाही. औषधाचे कण लहान असतात, ते वारेतून पलीकडे जातात. आईचे यकृत भक्कम असते, बाळाचे कोवळे. म्हणून आईच्या रक्ताची तपासणी अगदी प्रमाणात आली तरी बाळाचे रक्त त्याहून पातळ झालेले असू शकते. अशा वेळी मेंदूतली ती पापुद्र्यासारखी वाहिनी फुटली तर रक्त थांबायला वेळ लागतो. गर्भाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यात याच गोळीने बाळाच्या नाकाच्या आणि हाडांच्या घडणीतही दोष येऊ शकतो.

इथे भगिनींनो, एक गोष्ट मी हात जोडून सांगते. हे वाचून कुणी ती गोळी आपल्या मनाने बंद करू नका. गोळी बंद झाली तर झडपेवर गाठ होऊन आईचाच जीव जाऊ शकतो. यावर हेपॅरिन नावाचे इंजेक्शन आहे. त्याचे कण मोठे असल्याने ते वार ओलांडत नाहीत आणि बाळापर्यंत पोचत नाहीत. पण झडपेसाठी ते गोळीइतके खात्रीचे नाही. कोणत्या महिन्यात काय द्यायचे, किती द्यायचे, हे हृदयाचे डॉक्टर आणि प्रसूतीचे डॉक्टर यांनी मिळून ठरवायचे असते. पूर्ण निर्धोक वाट एकही नाही. म्हणूनच झडप बदललेल्या मुलीने दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना भेटायला हवे आणि दिवस गेल्याची शंका आली की त्याच आठवड्यात पुन्हा भेटायला हवे.

सांधेतापाचे मूळ कुठे आहे तेही सांगते. लहान मुलांच्या घशाला एका जंतूची बाधा होते. ती अंगावर काढली की काहींना दोन-तीन आठवड्यांनी सांधे धरतात आणि तोच ताप हृदयाच्या झडपा खराब करून जातो. दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसे झोपतात तिथे हा जंतू सहज फिरतो. बंगल्यांत हा आजार क्वचित दिसतो. आपल्या वस्त्यांत अजून दिसतो. मुलाचा घसा सुजला, ताप आला तर हळद-मिठाच्या गुळण्यांवर भागवू नका. सांधेताप झालाच असेल तर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते, ते चुकवू नका. पंचवीस वर्षांनंतरच्या बाळाचे डोके त्या इंजेक्शनावर अवलंबून असू शकते.

कारणे आणखीही आहेत. त्यांतले एक समजून घ्यायला जरा अवघड आहे, पण महत्त्वाचे आहे. रक्त थांबवणाऱ्या बारीक कणांना प्लेटलेट म्हणतात. कधी बाळाच्या प्लेटलेटवर वडिलांकडून आलेली अशी खूण असते, जी आईच्या प्लेटलेटवर नसते. मग आईचे रक्त त्यांना परके समजून त्यांच्याविरुद्ध द्रव्ये तयार करते, ती वारेतून जाऊन बाळाच्या प्लेटलेट नष्ट करतात. आईला काहीच त्रास होत नाही, तिची स्वतःची तपासणी चोख असते. आरएच रक्तगटाचा दोष पहिल्या बाळाला सहसा बाधत नाही, हा मात्र पहिल्याच खेपेला बाधू शकतो. युरोपात सर्वांत जास्त त्रास देणारी जी खूण आहे ती शंभरात साधारण दोन बायकांमध्ये नसते. आपल्या देशात असे कमी आढळते, पण दुसऱ्या खुणांमुळेही हे होऊ शकते. एका बाळाच्या डोक्यात अशा कारणाने रक्तस्राव झाला असेल तर पुढच्या खेपेला तो होण्याचा धोका फार मोठा असतो. आणि तो टाळण्याचा उपाय आहे. पुढच्या गरोदरपणात आईला दर आठवड्याला शिरेतून एक औषध देतात. औषध महाग आहे, पण आहे. ज्या घरात कारण शोधलेच नाही, त्या घरात दुसरे बाळही त्याच वाटेने जाते आणि मग सूनच "पांढऱ्या पायाची" ठरते. म्हणून पहिल्या बाळाच्या अंगावर जन्मताना लाल-निळे ठिपके होते, प्लेटलेट कमी होत्या, डोक्यात रक्त होते, यांतले काहीही असेल तर ते पुढच्या डॉक्टरांना न विचारता सांगा. बाळ दगावले असेल तरी त्याचे कागद फाडू नका. लोक दुःखाने फाडतात. मी पाहिले आहे.

एकच वार असलेल्या जुळ्यांपैकी एक बाळ पोटातच गेले तर उरलेल्याच्या मेंदूला धक्का पोचू शकतो. काही जंतूंची बाधा, रक्तवाहिन्यांच्या भिंतींचा जन्मजात दोष, वार नीट काम न करणे हीही कारणे आहेत. आकडीच्या काही गोळ्यांनीही 'के' जीवनसत्त्व कमी पडते. त्याही मनाने बंद करायच्या नाहीत, फक्त सांगायच्या. आणि कितीतरी वेळा सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही, हेही खरे आहे.

पोटावरचा मार हे कारण मी वेगळे लिहिते. गाडीवरून पडणे, जिन्यावरून घसरणे यांत आईला फारसे खरचटले नसले तरी बाळाच्या डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. तसाच तो लाथेनेही होतो. दारू पिऊन गरोदर बायकोच्या पोटात लाथ घालणारे आपल्यातही आहेत. सकाळी हेच लोक पंचशील म्हणतात. अशा वेळी दवाखान्यात "नळावर घसरले" असे सांगू नका. डॉक्टरांना खरे सांगितले तर ते योग्य जागी पाहतील.

मग काय, प्रत्येकीने दर महिन्याला सोनोग्राफी करायची का? मुळीच नाही. पण पाचव्या महिन्याची सोनोग्राफी चांगली आली म्हणजे नऊ महिन्यांचे प्रमाणपत्र मिळाले, असेही नाही. हा रक्तस्राव बहुधा त्यानंतर, शेवटच्या तीन महिन्यांत होतो. बाळाची हालचाल कमी झाली, पोटाला मार लागला, जुळी आहेत, रक्तदाब वाढला, बाळाची वाढ खुंटली, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, मागच्या बाळाला असे झाले होते, यांपैकी काही असेल तर शेवटच्या महिन्यांतही बाळाच्या डोक्याकडे पुन्हा पाहायला सांगा.

खर्चाचे म्हणाल तर सरकारी दवाखान्यात गर्भवतीच्या तपासण्या, सोनोग्राफीसकट, जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली मोफत आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर तपासतात. सोलापुरात आपले सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, हे १९६३ पासूनच्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आहे. तिथे प्रसूती, बालरोग, क्ष-किरण असे सर्व विभाग एका आवारात आहेत. रांग मोठी असते हे मला माहीत आहे. एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी, हेही माहीत आहे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभ विधेयकाची बाजू घेतली ती याच मजूर बाईसाठी. बाळंतपणाआधी आणि नंतर तिला विसावा मिळणे हे देशाच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारने उचलावा, असे त्यांचे म्हणणे होते. ज्या रमाईंची चार लेकरे लहानपणीच गेली त्यांच्या घरातून आलेले ते म्हणणे होते.

आता एक अवघड बाब. दोष फार मोठा आहे असे उशिरा कळले तर काय? गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली बदल झाला. बाळात गंभीर व्यंग असेल तर चोवीस आठवड्यांनंतरही राज्याने नेमलेले वैद्यकीय मंडळ परवानगी देऊ शकते. जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ३३ आठवड्यांच्या एका गर्भवतीला, बाळाच्या मेंदूत मोठा दोष होता म्हणून, अशी परवानगी दिली. वैद्यकीय मंडळाने नकार दिला असताना, निर्णय त्या स्त्रीचा आहे असे न्यायालयाने सांगितले. मी कुणाला हे करा किंवा ते करा असे सांगणार नाही. फक्त निर्णय सासूचा नाही, नणंदेचा नाही आणि या सदराचाही नाही.

आमच्या मुलीने बाळ ठेवायचे ठरवले. त्याच संध्याकाळी नवऱ्याला बोलावून मी त्याला सांगितले की आईला आता तूच सांगायचे. त्याने सांगितले. दोन दिवस घरात चूल धड पेटली नाही. फसवले म्हणून मावशी रडल्या आणि त्यांचे रडणे मला गैर वाटले नाही. लग्न जमवताना आजार लपवणे ही आपल्या समाजातली मोठी खोड आहे. माहेरचे घाबरतात, कारण आजार कळला की स्थळ मोडते. मोडणारेही आपणच असतो.

तिसऱ्या दिवशी मोठ्या रुग्णालयात दोघी एकत्र गेल्या. गोळी बंद करून तिथेच दाखल ठेवून हेपॅरिन सुरू झाले. एमआरआयमध्ये डाव्या पोकळीतले रक्त आणि तिच्या शेजारी मेंदूच्या गाभ्यात एक छोटा डाग दिसला. दोन आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी झाली, पोकळी १३ वर आली होती. नवे रक्त नव्हते. मार्च २०२४ च्या अखेरीस सिझेरियन झाले. बाळाला जन्मताच 'के' जीवनसत्त्वाचे इंजेक्शन मिळाले. ते खरे तर प्रत्येक नवजात बाळाला मिळायला हवे, मिळाले का ते विचारत जा. मुलगी झाली, रडली, दूध प्याली. डोक्याचा घेर दर महिन्याला टेपने मोजत होते. तो बेताने वाढत गेला, नळी घालायची वेळ आली नाही.

आठव्या महिन्यात आईच्या लक्षात आले की मुलगी खुळखुळा नेहमी डाव्याच हाताने घेते, उजवी मूठ मिटलेली असते. शेजारणी म्हणाल्या, डावखुरी असेल. वर्षाच्या आत मूल असा एकच हात वापरू लागले तर ते डावखुरे नसते, दुसरा हात कमजोर असतो. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते. जुना कागद जवळ होता, म्हणून डॉक्टरांना पाच मिनिटांत उलगडा झाला आणि व्यायाम लगेच सुरू झाले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांसाठी जिल्हा पातळीवर मोफत उपचाराची सोय आहे, अंगणवाडीताई चिठ्ठी देतात.

वर्ष भरून दोन-तीन महिने गेल्यावर ती चालायला लागली, उजवा पाय किंचित ओढत. मी गेले तेव्हा मावशी ओट्यावर नातीला घेऊन बसल्या होत्या. मुलीच्या डाव्या हातात मुद्दाम मोजा घातलेला. समोर चुरमुऱ्यांची वाटी. मावशी एकेक चुरमुरा उचलून तिच्या उजव्या हातासमोर धरत होत्या आणि ती मूठ उघडेपर्यंत सोडत नव्हत्या. मला म्हणाल्या, "सिस्टर, रोज शंभर घेते. काल शंभर झाले, आज एकशे दहा करायचे आहेत."